ओलीचा आकडा

रामटेके सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कोळशाच्या प्रयोगशाळेत ओव्हनसमोर तूरडाळ घेऊन उभे होते. माझा नोकरीचा पहिला दिवस. ऊर्जानगरला वीजकेंद्राच्या वसाहतीत नुकतंच क्वार्टर मिळालेलं, अंगावर नवी साडी, हातात रुजू होण्याचा कागद, आणि समोर हे उंच, सडपातळ गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून काचेच्या बशीत डाळीची भुकटी तोलत होते. जेवणाची सुट्टी होती हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, इथे कोळशाबरोबर डाळही जाळतात की काय.

"सर, मी नवीन..."

"थांबा बाई. एकशे पाच अंशावर एक तास. मंग बोलू."

आणि खरोखर तासभर ते बोलले नाहीत. मी कागद हातात धरून स्टुलावर बसून राहिले. तास झाल्यावर त्यांनी बशी काढली, थंड केली, पुन्हा तोलली, वहीत काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "दुकानदार म्हणे, डाळ कोरडी आहे. बारा टक्के ओल निघाली. आता त्याले सांगा लागते." माझं नाव त्यांनी त्यानंतर विचारलं.

सर गेले त्याला आता दोन वर्षं होतील. अकरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं आणि ते निवृत्त झाल्यावरही आठवड्यातून एकदा तरी त्यांच्या घरी जात होते. तरी हा माणूस मला पुरता कळला असं मी म्हणणार नाही. त्यांनाही बाकीची माणसं पुरती कधी कळली नाहीत, तेव्हा हिशेब फिटला म्हणायचा.

आमच्या कामात कोळशाचं बरंच काही मोजावं लागतं. राख किती, उष्णता किती, गंधक किती. सर सगळंच मोजत, पण जीव ओलीवर. कोळशात पाणी किती आहे हे काढण्यात त्यांनी अख्खी नोकरी घालवली आणि त्यात त्यांना कधी कंटाळा आला नाही. वसाहतीत त्यांना ओलीवाले रामटेके म्हणत. त्यांनाही ते ठाऊक होतं आणि आवडतही असावं, कारण फोनवर कुणी कोण रामटेके म्हणून विचारलं तर ते स्वतःच "ओलीवाला" म्हणून सांगत.

त्यांच्यासमोर एक शब्द उच्चारायची सोय नव्हती. तो शब्द म्हणजे "बरोबर". एखादा नमुना तपासून मी म्हटलं, "सर, बरोबर आहे," की चष्मा कपाळावर जायचा. "बरोबर म्हणजे किती?" चहात साखर बरोबर आहे म्हटलं तरी तेच. माझ्या मुलीला ताप आला होता आणि "आता बरी आहे" असं मी सांगितलं, तेव्हा त्यांनी काळजीनं, अगदी मनापासून विचारलं, "बरी म्हणजे किती?" मी चिडले होते. पण आकडा सांगितला. मग ते हुश्श करून खुर्चीत बसले आणि दुपारी घरी जायला मला परवानगी दिली.

बाहेर पाठवायच्या नमुन्यांच्या बाबतीत त्यांची शिस्त पक्की होती. डबा बंद करताना आत निळ्या दाण्यांच्या पुड्या टाकायच्याच. हे दाणे हवेतली ओल पितात. कोरडे असताना निळे दिसतात आणि पोटभर पाणी पिऊन झालं की गुलाबी होतात. आणि एकदा सही करून, कागदाची पट्टी लावून बंद केलेला नमुना मध्येच उघडायचा नाही. "उघडला का तो दुसरा नमुना झाला," सर म्हणायचे. आम्हा सगळ्यांच्या हातात ती सवय इतकी मुरली होती की माझ्या घरचा लोणच्याचा डबा परगावी पाठवताना मी त्याच्या पिशवीत दोन पुड्या टाकल्या होत्या. सासूबाई आजही ते सांगून हसतात.

आता सोयाबीनची गोष्ट सांगायलाच हवी. सरांचे साळे वरोऱ्याकडे शेती करत. एका वर्षी बाजारात व्यापाऱ्यानं त्यांच्या सोयाबीनमध्ये चौदा टक्के ओल दाखवली आणि भाव पाडला. साळेबुवांनी धावत येऊन सरांना गाठलं. आपला जावई या विषयातला मोठा माणूस, तो आता व्यापाऱ्याची जिरवणार, या भरवशावर. सरांनी मूठभर दाणे घेतले, दळले, ओव्हनमध्ये ठेवले आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून साळ्याबरोबर स्वतः बाजारात गेले. व्यापाऱ्यासमोर उभं राहून त्यांनी सांगितलं, "तुमचं मशीन चुकून राह्यलं. चौदा नाई, साडेपंधरा आहे."

त्या भाऊबीजेला काकूंचे भाऊ आले नाहीत. पुढच्याही नाही. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, हे सांगताना हसत, पण डोळे पुसतही. सर मात्र खरोखर गोंधळलेले असत. मला त्यांनी किमान दहा वेळा विचारलं असेल, "आकडा तं खरा होता ना बाई? मंग तो रागावला काऊन?"

मी म्हणायची, "सर, चहा घ्या."

निवृत्तीनंतर ते जवळच दुर्गापूरला स्वतःच्या छोट्या घरात राहायला गेले. मुलगी लग्न होऊन नागपूरला. मोजायला काही उरलं नव्हतं. काकू म्हणायच्या, "आता माझ्या भाकरीची ओल काढतात हो." अशात एका दिवाळीनंतर तो डबा आला.

डबा आणला रवीनं. रवी सूरजागडच्या खाणीवर मोठी मशीन चालवतो, अहेरीचा राहणारा. पंचेचाळिशीचा, अबोल. दुपट्ट्यात गुंडाळलेली चकचकीत लाकडी पेटी त्यानं सरांच्या टेबलावर ठेवली. झाकणात काच, बाहेरून आतली ओल दाखवणारी काट्याची तबकडी, आतून फिक्या, सुगंधी लाकडाचं अस्तर, आणि त्यात निजवलेले बारा जाडजूड परदेशी चिरूट. खाणीवर मशीन बसवायला आलेल्या एका परदेशी इंजिनियरनं जाताना रवीला भेट दिली होती. बरोबर इंग्रजी कागद होता. पेटीतली ओल पासष्ट ते सत्तर टक्क्यांच्या मध्ये ठेवावी, कमी झाली तर चिरूट तडकतात, जास्त झाली तर बुरशी येते.

"बाबानं पाठवलं," रवी म्हणाला. "म्हणे, ओलीवाल्याकडे दे. माह्या पोरीच्या लग्नात ताटात ठेवाचे आहेत. वैशाखात लग्न आहे. तेव्हा घेऊन या म्हणे."

सरांचा चेहरा पांढरा पडला. मी तिथेच होते, म्हणून सांगते. "अजून काय म्हणाला?"

"काईच नाई."

"रागात होता का?"

"आता ते मले कसं कळन जी? बाबा तसाच राहते नेहमी."

रवी गेला. सर त्या पेटीकडे बघत बसले. ज्या माणसानं तंबाखूचा वास आला तर खोली बदलावी, त्याच्या टेबलावर बारा चिरूट. मला काहीच उलगडेना. शेवटी स्वयंपाकघरात लसूण सोलता सोलता काकूंनी सांगितलं.

रवीचे वडील पोचन्ना. सर आणि ते अहेरीच्या शाळेत एका बाकावरचे. सरांचं नाव यशवंत, पोचन्ना त्यांना येशा म्हणत. पुढे सर शिकून नोकरीला लागले आणि पोचन्ना तेंदूपत्त्याच्या फडीवर, विडीची पानं गोळा करून वाळवतात तिथे, मुन्शी झाले. उन्हात वाळलेल्या पानांवर पाणी शिंपडून ती मऊ करायची आणि मग बोऱ्यात दाबून भरायची, ही त्या कामातली खरी कसोटी. पाणी कमी पडलं तर पान मोडतं, जास्त झालं तर बोऱ्यात सडतं. पोचन्नांचा हात त्यात चांगला होता असं सगळे म्हणत. नवी नोकरी लागलेले सर सुट्टीवर गावी आले, मित्राच्या फडीवर गेले, कौतुकानं पानांची चार पुडकी डब्यात बंद करून घेऊन आले आणि प्रयोगशाळेत ओव्हनला लावले. मग त्यांनी मित्राला कळवलं. तुझ्या पानात ओल जास्त आहे, बोऱ्यात बुरशी येईल, काळजी घे.

"कळवलं ते ठीक," काकू म्हणाल्या. "पण पोस्टकार्डावर कळवलं."

ते कार्ड पोस्टमननं वाचलं. चहाच्या टपरीवर वाचलं गेलं. मग ते ठेकेदाराच्या माणसाच्या हाती पडलं आणि पोचन्नांच्या हाती सगळ्यात शेवटी. त्याच आठवड्यात त्यांचं काम गेलं. पुढे त्यांनी बाजारात पानठेला टाकला, तेलंगणाकडून तंबाखू आणून घरी चुट्टे वळले. चुट्टा म्हणजे तिकडचा गावठी चिरूटच. त्यावर संसार केला. पुढच्या वर्षी सर भेटायला गेले तर त्यांनी सायकल वळवून घेतली. त्याला चाळीसेक वर्षं झाली.

मी बाहेर येऊन सरांना विचारलं, "पाकिटात घालून का नाही पाठवलंत?"

"लपवण्यासारखं त्यात काय होतं?" ते म्हणाले. "आकडाच तं होता." आणि मग हळूच, "हे त्यानं काऊन पाठवलं असन ओ? टोमणा आहे का परीक्षा आहे? का दुसरंच काही आहे?"

मला कळलं नाही. काकूंनाही नाही. पण एवढं तिघांनाही कळलं की वैशाखापर्यंत हे बारा चिरूट जसेच्या तसे राहिले पाहिजेत.

मग त्या घरात जे सुरू झालं त्याला संशोधन म्हणावं की वेड, हे तुम्ही ठरवा. सरांनी प्रथम तबकडीची परीक्षा घेतली. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यावर पाण्याचे चार थेंब, ते आणि तबकडी एका घट्ट पिशवीत एक दिवस. ओल्या मिठाजवळच्या हवेत पंचाहत्तर टक्के ओल असते, म्हणजे काटा पंचाहत्तरवर यायला हवा. आला एकोणसत्तरवर. सरांना विलक्षण आनंद झाला. तबकडी सहानं खोटं बोलते हे त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून पेटीच्या झाकणाला चिकटवलं.

पण पेटी नवी होती आणि नव्या लाकडाची तहान त्यांनी कधी मोजली नव्हती. आतल्या स्पंजाला पाणी दिलं की संध्याकाळी काटा सत्तरवर आणि सकाळी अठ्ठावन्नवर. पुन्हा पाणी, पुन्हा तेच. पाणी साधं नाही, बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी. दुकानदार वैतागला, रामटेके साहेबांच्या घरी इन्व्हर्टर आहेत तरी किती? चार दिवस काटा खाली येत राहिला तेव्हा सरांनी संशयानं काकूंकडे पाहिलं.

"तुम्ही उघडता का?"

"मले काय चिरूट प्याचे आहेत?" काकू कडाडल्या.

सरांनी झाकणावर कागदाची पट्टी लावून सही केली. सकाळी पट्टी शाबूत आणि काटा खाली. ते दिवसभर डोकं धरून बसले. त्यांच्या इतक्या वर्षांच्या कामात कोळशाचा डबा कधी कोळशाचं पाणी प्यायला नव्हता. संध्याकाळी मी गेले तेव्हा त्यांनी दारातच सांगितलं, "बाई, पेटीच पिऊन राह्यली!" मग पंचाहत्तर टक्क्यांवर पंधरा दिवसांत बुरशी येत नाही असा हिशेब करून चिरूट बाहेर काढले, एका काचेच्या बरणीत ओल्या मिठाच्या वाटीवर जाळी ठेवून निजवले आणि रिकाम्या पेटीला पंधरा दिवस नुसतं पाणी दाखवलं. आत वाटी ठेवायची, झाकण लावायचं, रोज लिहायचं. सोळाव्या दिवशी काटा एका जागी थांबला. सरांनी मला फोन केला आणि फक्त आकडा सांगितला.

हिवाळा असा गेला. फाल्गुनात हवा सुकायला लागली आणि चैत्रात तर चंद्रपूरचं ऊन काय असतं ते सांगायला नको. तेव्हा सरांनी पेटी कुलरच्या खोलीत नेली. कुलरची हवा ओली, म्हणून पेटी बाहेरच्या कोरड्या हवेपासून वाचेल. पण माणसं दार उघडझाक करतात, त्यानं काटा हलतो. म्हणून माणसांना त्या खोलीत बंदी. त्रेचाळीस अंश तापमानात कुलर लागला होता चिरुटांसाठी, आणि सर नि काकू व्हरांड्यात ओला पंचा डोक्यावर घेऊन बसलेले. वीज गेली की सर अनवाणी धावत आत.

"लग्न होऊ द्या एकदा," काकू म्हणायच्या. "मंग मी त्या पेटीत झोपतो."

मला हसू यायचं, पण सरांचा चेहरा पाहिला की ते विरायचं. कारण रवीच्या बोलण्यातून आणखी एक गोष्ट कळली होती. पोचन्नांच्या घरची रीत अशी की लग्नात जेवणाआधी मुलीचा आजा स्वतः पान-सुपारी, विडी, चुट्ट्याचं ताट घेऊन उठतो आणि पहिलं ज्याच्या हातात देतो तो त्या घरचा माणूस. सर तंबाखू ओढत नव्हते. पण ते ताट कुणापुढे थांबतं याची धास्ती त्यांनी सहा महिने बाळगली. एकदा म्हणाले, "मले नाई दिलं तरी चालन. पण बिघडले म्हणून नको."

लग्नाच्या तीन दिवस आधी आम्ही निघालो. माझं माहेर आल्लापल्लीचं, अहेरीला लागूनच, तेव्हा सर आणि काकू आमच्याच गाडीत आणि आमच्याच घरी उतरणार होते. सकाळी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा पेटी टेबलावर, काटा त्यांची दुरुस्ती धरून बरोबर सदुसष्टवर. आज मीही तो शब्द वापरते, माफ करा. सरांनी स्पंज काढून ठेवला. रस्त्यात पाणी सांडून चिरूट भिजायला नकोत. मग त्यांनी हात पुढे केला. मी कपाटातल्या डब्यातून पुड्या काढून दिल्या. त्यांनी पाच पुड्या कडेकडेनं नीट लावल्या, झाकण बंद केलं, पट्टी चिकटवली, सही केली, तारीख घातली. मी साक्षीदार म्हणून खाली सही केली. काम झाल्याचं समाधान दोघांच्याही तोंडावर होतं.

बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी. मांडीवर पेटी घेऊन सर पुढच्या सीटवर ताठ बसले होते. आष्टी सोडल्यावर रस्त्याच्या कडेला तेंदूपत्त्याच्या फडी लागल्या. उन्हात पुडक्यांच्या रांगाच रांगा, आणि बाया वाकून ती उलटवत होत्या. सरांनी मान दुसरीकडे फिरवली आणि आल्लापल्ली येईपर्यंत फिरवलेलीच ठेवली.

आमच्या घरी पेटी देवळीशेजारच्या फळीवर तीन दिवस राहिली. आईला फार बघायची होती. "एकदा उघडून दाखवा ना जी," ती म्हणाली.

"नाई बाई. बंद नमुना मधात उघडत नसते."

तबकडीकडे तरी बघायचं. पण पट्टी त्या तबकडीवरूनच गेली होती. आणि सर त्यांच्या शिस्तीत होते, मी माझ्या.

मांडवावर जांभळीच्या डहाळ्या होत्या, आत शेसव्वाशे माणसं, अर्धी मराठी बोलणारी, अर्धी तेलुगू. अक्षता पडल्या. म्हातारी मंडळी एका बाजूला सतरंजीवर बसली. त्यातले दोघंतिघं सरांकडे बोट दाखवून कुजबुजले. ते काय बोलले ते ऐकू आलं, "हाच तो, कार्डवाला." चाळीस वर्षांत अहेरी ते पोस्टकार्ड विसरली नव्हती. काकूंनी माझा हात धरला.

पोचन्ना आले. बुटके, काळे, पांढऱ्या मिशा, डोक्याला फेटा. पान-सुपारीचं ताट समोर ठेवून सरांपुढे उभे राहिले आणि नुसतं म्हणाले, "एमि रा, येशा. काय रे, आणलं का?"

"आणलं."

सरांनी पट्टी फाडली, झाकण उघडलं आणि ते तसेच थांबले. मीही पाहिलं. पाचही पुड्या गुलाबी झाल्या होत्या.

आम्ही दोघांनी, दोन रसायनशास्त्राच्या पदवीधरांनी, ज्या पेटीत ओल टिकवायची त्यात ओल पिणारे दाणे स्वतःच्या हातानं रचले होते, वर पट्टी लावली होती आणि तीन दिवस तिच्यापुढे बसून राहिलो होतो. एका क्षणासाठीही दोघांपैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. डोकं लागलंच नव्हतं त्या कामाला, हातच पुरले होते. आजही ते आठवलं की मला स्वतःचा राग येतो.

पोचन्नांनी एक चिरूट उचलला, कानाशी नेला आणि बोटांत फिरवला. तो करकरला. तीन हातांवरून मला ऐकू आलं. वरचं पान तडकून त्याचा एक तुकडा ताटात पडला. सतरंजीवरची सगळी म्हातारी मंडळी वळून बघत होती. एकानं विचारलं, "काय पोचन्ना, ओल कशी हाये?"

पोचन्नांनी सरांकडे पाहिलं. मग पोचन्ना मोठ्यानं, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "बरोबर हाये."

"नाई पोचू," सर म्हणाले. "बरोबर नाई. सुकले. माझी चूक झाली, मी आतमधात..."

"मी पाह्यलं ना? बरोबर हाये. तू चूप बस."

त्यांनी शेजारच्या पाण्याच्या पेल्यात बोटं बुडवली, चिरूट ओल्या तळहातात घेऊन गोल गोल फिरवला, तडकलेलं पान जिभेनं चिकटवलं, जसा स्वतःचा चुट्टा चिकटवत असतील तसा. मग ताट उचललं आणि तो ओला, डागाळलेला चिरूट सगळ्यात आधी सरांच्या हातात ठेवला. ठेवताना वाकून हलक्या आवाजात बोलले. मी शेजारीच होते म्हणून मला ऐकू आलं.

"येशा, त्या टायमाले तू एवढंच म्हणाचं होतं."

सरांनी तो चिरूट दोन्ही हातांनी धरला. कुणीतरी काडी ओढून पुढे केली. सरांनी एक झुरका घेतला आणि इतके खोकले की पाणी द्यावं लागलं. त्या खोकल्यातच त्यांच्या डोळ्यांना लागलेली धार मला दिसली. ती धुरानं होती असं काकू म्हणतात. मी काही म्हणत नाही. बाकीचे अकरा चिरूट म्हाताऱ्यांनी ओढले आणि "कडक हाये बापा" म्हणून तारीफ केली.

संध्याकाळी निघताना सर पोचन्नांना म्हणाले, "एक विचारू? त्या पानाले बुरशी आली होती का?"

पोचन्नांनी मिशी चोळली. "आली होती. बोऱ्यांच्या बोऱ्या गेल्या." आणि मग आत जाऊन त्यांनी तीच पेटी आणली. तिच्यात स्वतः वळलेले दहा-बारा चुट्टे होते. "माझ्या घरी पावसाळ्यात खराब होतेत. तुझ्याकडे ठेव."

परतीच्या वाटेवर सर पुन्हा मांडीवर पेटी घेऊन पुढच्या सीटवर बसले. गोंडपिपरी आल्यावर एकदम म्हणाले, "म्हणजे आकडा खराच होता."

"हो सर."

"तं मंग तो रागावला काऊन? अन् आज बरोबर नसताना बरोबर काऊन म्हणाला? मी तेव्हा बरोबर म्हटलं असतं तरी बोऱ्या गेल्याच असत्या ना ओ?"

काकू मागून म्हणाल्या, "झोपा आता." खरंच, काय करायला हवं होतं त्यांनी? पाकीट वापरायला हवं होतं, एवढं मात्र मी आजही छातीठोक सांगेन.

तो पावसाळा आणि पुढची दिवाळी सरांनी त्या गावठी चुट्ट्यांची निगा राखली. पोचन्ना दोनदा येऊन गेले. व्हरांड्यात बसून ते चुट्टा ओढायचे आणि सर खोली न बदलता शेजारी बसायचे.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत. संक्रांतीच्या आधी ते झोपेतच गेले, तेव्हा मी बाहेरगावी होते. त्या शेवटच्या भेटीला मी, दुसऱ्या दिवशी माहेरी जाणार, हे सांगायला गेले होते. सर पेटी उघडून बसले होते. एक चुट्टा त्यांनी कानाशी धरला होता आणि डोळे मिटून बोटांत फिरवत होते. त्या कानाला काय कळत होतं देव जाणे. वही शेजारी मिटलेली.

"पोचूकडे जाल ना? तो विचारन. त्याले सांगा, बरोबर आहे."

मी तबकडीकडे पाहिलं. "सर, काटा छप्पन्नवर आहे. सहा धरले तरी बासष्ट."

"दिसून राह्यलं मले."

मी वाट पाहिली. चष्मा कपाळावर गेला नाही. त्यांनी चुट्टा हळूच जागेवर ठेवला, झाकण लावलं आणि फाटकापर्यंत मला सोडायला आले. मी गाडी सुरू केली तेव्हा त्यांनी खिडकीत वाकून, कुणी ऐकत तर नाही ना हे बघून, मला विचारलं, "चालते ना ओ असं सांगितलं तं?"

"चालतं सर," मी म्हटलं.

"चालते म्हणजे किती?" त्यांच्या तोंडून निघून गेलं, आणि ते स्वतःच गडबडून हात हलवत आत गेले. अहेरीला जाऊन मी पोचन्नांना निरोप जसाच्या तसा सांगितला.